सुटलेल्या नटाचं नाव लिहा : किनारपट्टीच्या वीज अभियंत्यांना खुलं पत्र

प्रति,
कोकण किनारपट्टीवर वीजवाहिन्यांचं साहित्य ठरवणारे, खरेदी करणारे, तपासून घेणारे आणि खांबावर चढवून घेणारे सर्व अभियंते

विषय : खांबावरचे क्लॅम्प, क्रॉसआर्म (तारा धरणारे आडवे दांडे) आणि नटबोल्ट

सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. सव्वीस वर्षं झाली. सुरुवात हर्णे बंदरातल्या बोटींच्या कामाने झाली: कड्या, साखळ्यांचे हूक, इंजिनाखालच्या पट्ट्या. नंतर गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड. २०२० पासून विजेच्या खांबांचे क्लॅम्पही केले आणि त्याच क्लॅम्पांबद्दल हे पत्र आहे. मी इंजिनिअर नाही. पण खारा वारा लोखंडाचं काय करतो ते रोज हातात धरून बघतो. तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दापोली आणि मंडणगडात काय झालं ते तुम्ही माझ्याइतकंच जवळून पाहिलंय. आगरंच्या आगरं झोपली, माडपोफळी तारांवर पडल्या, खांब मोडले. आमच्या वाडीत महिनाभराने वीज आली. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन शाळेत राहून, भर पावसात, चिखलातून खांब खांद्यावर वाहून नेत होते. त्या माणसांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पुढे जे लिहितोय ते त्यांच्याविरुद्ध आहे असं कोणी समजू नये.

त्या घाईत जूनच्या शेवटी एक ठेकेदार माझ्याकडे आला. त्याला लघुदाबाच्या लाईनसाठी डी-शॅकलच्या मागच्या पट्ट्या हव्या होत्या, म्हणजे खांबाला मागून मिठी मारणारा अर्धा क्लॅम्प आणि पुढचा डी, ज्यात तार बांधायचं चिनी मातीचं शॅकल बसतं. पट्टी ५० बाय ६ मिलिमीटर. एकशे ऐंशी जोड्या, आठ दिवसांत. मी विचारलं, हॉट डिप कुठे करायचं? हॉट डिप म्हणजे गंजू नये म्हणून लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवणं, गॅल्व्हनाइझ करणं. गरम जस्ताची भट्टी आमच्याकडे जवळपास नाही. माझा माल पुण्याला जातो, यायला दहा-बारा दिवस लागतात. तो म्हणाला, वेळ नाही, सिल्व्हर मार. बोल्टही १६ मिलिमीटरचे मिळत नव्हते. त्याने १२ चे आणून दिले. बोल्ट चमकत होते, नट काळे होते.

मी सिल्व्हर रंग मारला आणि माल दिला. लोक अंधारात होते, तेव्हा ते बरोबर वाटलं. पण रंग वाळल्यावर तो माल गॅल्व्हनाइझसारखाच दिसत होता आणि मोजून घेणाऱ्याला तो तसाच दिसणार हे मला कळत होतं. ते मी बोललो नाही. आज बोलतोय.

आता जुलै २०२३ चं सांगतो. लावणीचे दिवस होते. रात्रभर वारा आणि पाऊस. पहाटे शेजारचे काका बैलजोडी घेऊन शेतावर निघाले. लाईन जिथे पाखाडीवरून वळते त्या खांबावरची सगळ्यात खालची तार सुटून बांधावर आली होती. पुढचा बैल जागेवर गेला. काका चार पावलं मागे होते.

पंचनामा झाला. कारण लिहिलं गेलं : वादळी वाऱ्याने तार तुटून. मी तिथे उभा होतो. तार तुटलेली नव्हती. या खांबापासून त्या खांबापर्यंत अखंड होती, नुसती सैल पडली होती. तुटलं काहीच नव्हतं. नट निघाला होता. वळणाच्या खांबावर दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण क्लॅम्पवर तिरका येतो. सरळ लाईनीतला क्लॅम्प सैल झाला तरी काही दिवस तग धरतो, वळणावरचा धरत नाही. गवतात शॅकलसकट डी पडला होता. त्यातला बोल्ट उचलून पाहिला, तर आट्यांच्या जागी गंजाची साल होती, नखाने निघणारी. मागची पट्टी हातात घेतली आणि तिचे कोपरे पाहिले. ते घासून गोल केलेले होते. बोटीच्या कामाची ती सवय आहे, धारेला लागून जाळं फाटू नये म्हणून. खांबाच्या क्लॅम्पचे कोपरे या तालुक्यात दुसरं कोणी असे घासत नाही.

ती पट्टी आणि तो बोल्ट माझ्या वर्कशॉपमध्ये एका डब्यात ठेवलेला आहे.

तीन वर्षांत असं का झालं हे मी नंतर समजून घेतलं. त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीत असेल, तरी माझ्या बाजूने सांगतो. लोखंडाला गरम जस्तात बुडवतात तेव्हा आधी ते ॲसिडने साफ होतं, मग साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात जातं. तिथे जस्त वरवर बसत नाही, लोखंडात मुरतं, दोघांच्या मिश्रणाचे थर तयार होतात. त्यावर ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि उघड्या लोखंडाला वाचवतं. रंगाला हे जमत नाही. रंगाला एक टोचा पडला की गंज आतून पसरतो आणि वरून काहीच दिसत नाही. आयएस ४७५९ या भारतीय मानकात ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड मालावर दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त सांगितलेलं आहे. म्हणजे जवळजवळ ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाजारात मिळणाऱ्या चमकत्या झिंक प्लेटिंगच्या बोल्टावर पाच ते दहा-बारा मायक्रॉन असतं.

या आकड्यांना आपल्या हवेचा आकडा लावून बघा. हवा किती गंजवते त्याचे वर्ग आंतरराष्ट्रीय मानकांत ठरलेले आहेत. सी-५ म्हणजे फार गंजवणारी हवा आणि लाटांचे तुषार पोचतात तो किनारा त्या वर्गाच्या आसपास येतो. तिथे जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं, साधं लोखंड पहिल्याच वर्षी ८० ते २०० मायक्रॉन. भागाकार करायला अभियंता लागत नाही. नीट गॅल्व्हनाइझ केलेली पट्टी दहा ते वीस वर्षं जाते. प्लेटिंगचा बोल्ट एक-दोन पावसाळे. त्यानंतर उघडं लोखंड उरतं आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टाचा आटा जेमतेम एक मिलिमीटर खोल असतो. तोच बोल्ट घाटावर कोरड्या हवेत कितीतरी वर्षं जगेल. म्हणून एकाच यादीवरून दोन्हीकडचं सामान खरेदी करणं मला पटत नाही.

अजून एक गोष्ट आहे. ती मला बोटवाल्यांनी शिकवली. लोक म्हणतात पावसाने लोखंड गंजतं. किनाऱ्यावर पाऊस लोखंड धुतोही. उघड्या जागेवरचं मीठ जून-जुलैत वाहून जातं. क्लॅम्पच्या मागच्या बाजूला, पट्टी आणि खांब यांच्या फटीत, नटाच्या खाली, वॉशरच्या आड पाऊस पोचतो तो फक्त ओल ठेवायला. धुवायला पोचतच नाही. ऑक्टोबर ते मे तिथे मीठ साठत जातं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचा क्षार असतो, तो बऱ्याच कोरड्या हवेतूनही पाणी ओढतो. आपली हवा तितकी कोरडी होते कधी? म्हणजे उन्हाळ्यात खांब कोरडा ठणठणीत दिसत असतो आणि नटाखाली ओल असते. खालून दुर्बिणीने पाहून हे कळत नाही. पान्हा लावल्यावरच कळतं.

हर्ण्याचे बोटवाले म्हणूनच डोळ्यावर विश्वास ठेवत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढून शाकारतात तेव्हा बोल्ट दिसायला चांगला असला तरी सोडवतात, आटे बघतात, ग्रीस लावतात, परत आवळतात. त्यांचा जीव त्या बोल्टावर असतो. वायरमनचाही असतो. पट्टा खांबाला घालून तो वर उभा राहतो तेव्हा त्याचा एक पाय बऱ्याचदा क्रॉसआर्मवर नाहीतर क्लॅम्पच्या पट्टीवर असतो. त्या पट्टीमागे काय आहे ते त्याला खालून कोणीच सांगितलेलं नसतं.

आता मापाबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण हे कुठल्या कागदावर येत नाही.

सिमेंटचा खांब वर निमुळता होत जातो. त्यामुळे सगळ्यात वरच्या शॅकलचा क्लॅम्प आणि त्याच्या खाली चार-पाच फुटांवरचा क्लॅम्प एकाच मापाचे असू शकत नाहीत. पण माझ्याकडे ऑर्डर येते ती एकाच मापाची, 'आठ मीटरच्या पोलचे क्लॅम्प' एवढंच. मग वर चढलेला माणूस काय करणार? क्लॅम्प मोठा पडला तर मध्ये लाकडाची चीप नाहीतर पत्र्याचा तुकडा घालतो. लाकूड पाणी धरून ठेवतं, सुकलं की आकसतं, क्लॅम्प सैल. लहान पडला तर पट्टी हातोड्याने वाकवतो आणि वाकवलेल्या जागी जस्ताला तडे जातात. भोकं जुळत नसली तर गॅस कटरने भोक लांबवतात. गॅसची ज्योत भोकाभोवतीचं जस्त जाळून टाकते. नेमकी बोल्टाच्या जागेची राखण गेली.

मी तर असंही पाहिलंय की मोठ्या क्लॅम्पचे दोन्ही कान, म्हणजे बोल्ट जातो ती टोकं, एकमेकांना टेकलेले आहेत. बोल्ट पान्ह्याला घट्ट लागतो, आवळणाऱ्याला समाधान वाटतं, पण ती सगळी ताकद कानांमध्येच जाते आणि खांबाला मिठी बसतच नाही. दोन कानांमध्ये फट राहिलीच पाहिजे. आवळल्यावरही राहिली पाहिजे. तपासणीला जाणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने एवढी एक फट जमिनीवरून पाहिली तरी निम्मे सैल क्लॅम्प सापडतील असं माझं मत आहे.

नटाचंही असंच. बोल्ट गरम जस्तात बुडवला की त्याच्या आट्यांवर थर चढतो, साधा नट त्यावर फिरत नाही. म्हणून त्याच्या जोडीचा नट आतून थोडा मोठा आटा पाडलेला असतो. असे बोल्ट आणि नट जोडीनेच घ्यावे लागतात. आयएस १३६७ चा तेरावा भाग गरम जस्ताच्या नटबोल्टांसाठीच आहे. प्रत्यक्षात बोल्ट येतात, नट दुसऱ्या दुकानातून येतात, फिरत नाहीत, मग बोल्टावर डाय फिरवून आटे साफ केले जातात. आट्यांवरचं सगळं जस्त तिथेच जमिनीवर पडतं.

ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर, म्हणजे दोन खांबांच्या मांडणीवर, हीच चूक किती महाग पडेल ते सांगायला नको. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर तेलासकट अर्ध्या टनाच्या आसपास भरतो आणि दोन खांबांमधल्या चॅनेलवर, म्हणजे आडव्या लोखंडी तुळईवर, बसलेला असतो. त्या चॅनेलला खांबाशी धरून ठेवणारे क्लॅम्प आणि बोल्ट, ट्रान्सफॉर्मर सरकू नये म्हणून लावलेला पट्टा, वरचा एबी स्विच (लाईन तोडायचा), डीओ फ्यूजची (बिघाड झाला की गळून लोंबणाऱ्या) चॅनेल, हे सगळं त्याच वाऱ्यात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. केळशी, आंजर्ले, मुरुड, गुहागर इथल्या किती डीपी समुद्रावरून दिसतात!

एबी केबलचं, म्हणजे आवरण घातलेल्या एकत्र पिळलेल्या तारांचं, काम आता सगळीकडे होतंय, ते चांगलंच आहे. उघडी तार नसली की आमच्या काकांच्या बैलासारखं होण्याची भीती कमी. पण केबल टांगणारा हूक खांबाला स्टेनलेसच्या पट्टीने बांधलेला असतो आणि सगळं स्टेनलेस सारखं नसतं. ३०४ जातीच्या स्टेनलेसला खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मीठ जास्त सोसतं. दिसायला दोन्ही एकच. मागणीपत्रात आकडा लिहिला नाही तर स्वस्तातलं येणार.

आणि खांबावर बाकीचे लोक जे टांगतात : पथदिव्यांचे ब्रॅकेट, केबलवाल्यांचे डबे, कॅमेरे, वाढदिवसाचे बॅनर. बहुतेक सगळं बाइंडिंग वायरने. ती वायर वाऱ्याने घासत राहते आणि तुमच्याच क्लॅम्पवरचं जस्त खरवडते. पथदिव्यांचा भाग आमच्या ग्रामपंचायतींचा आहे. त्यांच्याशी मी वेगळा बोलतोय.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. माझ्या हिशोबाने त्या एकशे ऐंशी जोड्या पुण्याला पाठवून गरम जस्तात बुडवून आणायला किलोला वीस रुपयांच्या आत खर्च होता. जोडीचं वजन दोन किलोच्या आसपास. जोडीमागे चाळीसेक रुपये. काकांच्या बैलाच्या किमतीत अख्खी ऑर्डर कितीतरी वेळा बुडवून झाली असती. पण वादळानंतर खरी अडचण पैशाची नव्हती, वेळेची होती. लोक अंधारात असताना दहा दिवस थांबा असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणून वादळ येण्याआधी माल गोदामात पाहिजे. मे महिन्यात आमच्याकडे प्रत्येक घरात आगोटीचं सामान भरतात, तांदूळ, मीठ, मिरची, लाकडं. किनाऱ्याच्या प्रत्येक उपविभागात तशी क्लॅम्प-बोल्टांची आगोट भरलेली असावी, जस्त मोजून घेतलेली. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, २०२० ला निसर्ग, लगेच २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. पुढचं कधी येईल ते माहीत नाही, पण त्या वेळी पुन्हा कोणी माझ्यासारख्याकडे 'सिल्व्हर मार' म्हणून येऊ नये.

अलिबागला भूमिगत वाहिन्यांचं काम झालं. आमच्या जांभ्या दगडाच्या वाड्यांपर्यंत ते पोचायला फार वर्षं जातील. तोवर खांब आहेत आणि खांबावर क्लॅम्प आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत. समुद्रापासून आणि खाड्यांपासून काही किलोमीटरचा पट्टा ठरवा. किती ते तुम्ही ठरवा, मी पाच म्हणेन. त्या पट्ट्यासाठी सामानाची वेगळी यादी करा : पट्टी, चॅनेल, बोल्ट, नट, वॉशर, सगळं गरम जस्ताचं, स्टेनलेस असेल तर ३१६. गाडी उतरवतानाच जस्ताची जाडी मोजा. ते गेज हातात मावतं, माल न कापता दोन सेकंदांत आकडा दाखवतं आणि सिल्व्हर रंगाने फसलंच तर पट्टीवर पॉलिश पेपर मारून बघा. क्लॅम्प खांबाच्या उंचीप्रमाणे दोन-तीन मापांत मागवा. खांबावर गॅस कटर चालणार नाही असं ठेक्याच्या अटीत लिहा आणि भोक पाडावंच लागलं तर त्या जागी झिंकचा रंग लावल्याशिवाय बिल देऊ नका. सिमेंटच्या खांबाला भोक तर मुळीच नको, सिमेंटच्या आतल्या पोलादी ताराच उघड्या पडतात. एप्रिल-मे मध्ये फांद्या तोडायला माणसं जातातच, त्या फेरीत वळणाचे आणि शेवटचे खांब तरी पान्हा लावून बघायला सांगा. सगळे खांब एका वर्षात होणार नाहीत हे मला कळतं.

आणि सगळ्यात आधी, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो : अपघाताच्या आणि बिघाडाच्या कागदावर 'वादळी वारा' एवढंच लिहू नका. काय सुटलं ते लिहा. नट, बोल्ट, पट्टी, शॅकल, चॅनेल, बांधलेली तार, ज्याचं त्याचं नाव. कुठल्या वर्षी बसवलं, कुठल्या खेपेचा माल, जस्त होतं की रंग. तुटलेला तुकडा फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा. वाऱ्याला कोणी जाब विचारू शकत नाही. काकांच्या पंचनाम्यात 'नट' हा एक शब्द असता, तर त्याच आठवड्यात माझ्या बाकीच्या जोड्या शोधायला कोणीतरी निघालं असतं. तसं कोणी निघालं नाही. नंतर मी दोनदा जाऊन तोंडी सांगितलं, बोल्ट दाखवला. ऐकून घेतलं. कागदावर काही आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या जोड्या कुठकुठल्या खांबांवर गेल्या याची यादी माझ्याकडे नाही. तुमच्या मोजमाप पुस्तिकेत असणार. आमच्या पाखाडीवर आणि खालच्या वाडीत फिरून मी गोल कोपऱ्यांचे क्लॅम्प जमिनीवरून मोजलेत. अडतीस दिसले. त्यांतले सात वळणाच्या नाहीतर शेवटच्या खांबांवर आहेत. खांबांचे नंबर मी लिहून ठेवलेत.

एकशे ऐंशी नव्या जोड्या मी करायला घेतल्या आहेत. पट्टी ५० बाय ६, तीन मापांत, १६ मिलिमीटरचे बोल्ट त्यांच्या जोडीच्या नटांसह. पहिल्या साठ पुण्याहून बुडवून आल्या आहेत. बाकीच्या या महिन्यात जातील. याचे पैसे मला नकोत. आधी तुमच्या गेजने त्या तपासा. मला खांबावर चढता येणार नाही आणि चढूही नये. लाईन बंद करून चढणारा माणूस तुम्हीच पाठवायचा आहे. वळणाच्या सात खांबांपासून सुरुवात करावी, पावसाच्या आधी.

आपला,
एक फॅब्रिकेटर, दापोली तालुका